भंगारातली जुनी गाडी पुन्हा उभी करताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पेशाने मेकॅनिक नाही. आजवर भंगारातून दोन गाड्या उचलल्या. पहिली मोठ्या उत्साहाने खोलली आणि ती पुन्हा जोडली गेलीच नाही. शेवटी डबे-पिशव्यांसकट आली त्याच वाटेने परत गेली. दुसरी, १९५८ ची मॉरिस मायनर, आज चालते. लोक भेटले की जे विचारतात ते इथे एकत्र केलंय. बरीचशी उत्तरं पहिल्या गाडीने शिकवलेली आहेत, त्यामुळे काही ठिकाणी सूर जरा कडक लागेल.

गाडी उचलण्याजोगी आहे की नाही, हे कसं ओळखायचं?

बहुतेक जण आधी बॉनेट उघडतात. मी म्हणेन, बॉनेट शेवटी उघडा. इंजिन दुरुस्त होतं, बदलताही येतं. आधी जमिनीवर एक जुनं पोतं टाका, आडवे व्हा आणि गाडीचं पोट बघा. दाराखालच्या सिल, तळाचा पत्रा, पाटे (मागच्या चाकांवरच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा) जिथे बॉडीला जोडले जातात त्या जागा, जॅक लावायच्या जागा. गंज घर करतो तो इथे. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. चांगला पत्रा टणकन वाजतो, कुजलेला भद्द बोलतो. भद्द बोलला तिथे स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबून पाहा, पण मालकाला विचारून. टोक आरपार गेलं की भांडण तुमच्याच अंगावर येतं.

वरच्या अंगाला एक छोटा लोहचुंबक मऊ फडक्यात गुंडाळून फिरवा. जिथे तो धरत नाही तिथे रंगाखाली पत्रा नाही, लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरलेली आहे. (बॉडी ॲल्युमिनियमची असेल तर अर्थातच ही युक्ती चालत नाही.) मग दार उघडा आणि टोकाला धरून वर उचला. नुसती बिजागरी खडखडली तर घाबरू नका. बिजागरीबरोबर खांबच हलला तर गंज आतवर पोचलाय. दार बंद करून भोवतीची फटही बघा: वर चिमटलेली आणि खाली फाकलेली असेल तर गाडी मध्यात बसलेली आहे.

इथे एक फरक लक्षात ठेवावा लागतो. काही गाड्यांना लाकडी बैलगाडीसारखी खाली स्वतंत्र चॅसी असते, वर बॉडी नुसती बोल्टने बसवलेली. मोनोकॉक गाड्यांत मात्र पत्रा हाच सांगाडा. लान्चिया लॅम्ब्डाने १९२२ मध्ये ही वाट दाखवली, १९३४ च्या सित्रोएन ट्रॅक्सिऑन अव्हाँने ती मोठ्या उत्पादनात आणली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर छोट्या गाड्यांमध्ये तीच रीत झाली. मोनोकॉकची सिल कुजणं म्हणजे घराची तुळई कुजणं.

आणि काय *नाही* ते मोजा. दिव्यांच्या काचा, दाराच्या मुठी, काचेभोवतीची चकचकीत पट्टी, डॅशबोर्डवरची घड्याळं. गिअरबॉक्स मिळतो, मागच्या दिव्याची एक लाल काच शोधायला मला गिअरबॉक्सपेक्षा जास्त दिवस लागले.

दुर्मीळ गाडी घ्यावी की सगळ्यांकडे होती ती?

पहिल्यांदा करत असाल तर सगळ्यांकडे होती ती. फोक्सवॅगन बीटल २ कोटी १० लाखांहून जास्त बनल्या, मॉरिस मायनर १६ लाख. एवढ्या संख्येमागे सुटे भाग बनवणारे, पुस्तकं आणि आधी तीच चूक केलेली माणसं आपोआप येतात. एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीचं तर नशीबच वेगळं: उत्पादन थांबल्यावर, १९८८ पासून, मूळ साच्यांवर तिची अख्खी नवी बॉडी पुन्हा बनवून मिळू लागली. दुर्मीळ गाडीत साधा रबरी बुशही खरादावर बसून स्वतः घडवावा लागतो. ज्याला तेच आवडतं त्याने खुशाल घ्यावी.

कागदपत्रं नंतर बघितली तर चालेल का?

नाही. पैसे देण्याआधी. पुष्कळ ठिकाणी भंगार म्हणून एकदा नोंद झालेली गाडी पुन्हा रस्त्यावर आणताच येत नाही. मग तुमच्या हातात उरतो तो सुट्या भागांचा ढीग. नियम जागोजागी वेगळे, म्हणून आपल्या नोंदणी कार्यालयात आधी विचारा.

चॅसी नंबर स्वतः वाचा. १७ अक्षरी नंबरांची आजची पद्धत १९८० च्या दशकात रूढ झाली. त्याआधी प्रत्येक कंपनीची तऱ्हा वेगळी, नंबर आखूड, जागाही वेगवेगळी. रिव्हेट मारलेली पट्टी कुणीही बदलू शकतो, त्यामुळे पत्र्यात ठोकलेला नंबर असेल तर तो शोधून पट्टीशी ताडून पाहा. पुढे काम करताना त्या जागेवर ग्राइंडर फिरवू नका आणि जाड रंगही थापू नका. गंज घासता घासता नंबरच घासून टाकणारे महाभाग असतात.

गाडी घरी आली. सगळ्यात आधी काय?

चालू करून बघायचं नाही. हे सगळ्यात अवघड, मला कळतं. पण तळाला पाणी साचलेलं इंजिन, डिंक झालेलं पेट्रोल आणि उंदरांनी कुरतडलेल्या वायरी अशा अवस्थेत किल्ली फिरवणं म्हणजे बरी होण्याजोगी दुखणी असाध्य करून घेणं.

बॅटरी असेल तर काढा. पेट्रोल उघड्यावर, आगीपासून लांब, उपसून घ्या. मग आतली साफसफाई. उंदरांची घरटी आणि लेंड्या कोरड्या झाडू नका, त्यांची धूळ फुप्फुसात जाते आणि त्यातून गंभीर आजार होतात. जंतुनाशकाचं पाणी फवारून ओलं करा, मास्क आणि हातमोजे घाला, मग उचला. सीटखाली हात घालण्याआधी टॉर्चच्या उजेडात बघा. माझ्या मायनरच्या हीटरच्या डब्यात गांधीलमाश्यांचं पोळं होतं, सुदैवाने रिकामं.

गाडी छताखाली ठेवा. प्लॅस्टिकचा कागद घट्ट गुंडाळला तर आतल्या आत वाफ धरते आणि उघड्यावरच्यापेक्षा लवकर गंज चढतो. आणि गाडीखाली जायचं तर ती घोड्यांवर, म्हणजे भक्कम लोखंडी तिवयांवर, चढवूनच. जॅक हा उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली मान घालू नका, "फक्त दोन मिनिटं" सुद्धा नाही.

खोलायला सुरुवात कशी करू?

वही घेऊन. खरंच, पानं-पक्कड नंतर.

माझी पहिली गाडी गंजाने मेली नाही, माझ्या वेगाने मेली. दोन रविवारांत मी ती पूर्ण सुटी केली. खूप अभिमान वाटला. नट, बोल्ट, वायसर, क्लिपा सगळं तीन मोठ्या डब्यांत. आठ महिन्यांनी डबा उघडला तेव्हा त्यातली एकही वस्तू मला ओळख दाखवेना. दार बसवताना तर रडायची पाळी आली. बिजागरीच्या मागे पत्र्याच्या पातळ चकत्या असतात, त्यांना शिम म्हणतात. कारखान्यात कुणीतरी त्या प्रत्येक गाडीसाठी मोजून घातलेल्या असतात: वरच्या बिजागरीला तीन, खालच्या बिजागरीला दोन, असं काहीतरी. मी त्या भंगार समजून एकत्र टाकल्या होत्या. तीन रविवार एका दारावर गेले आणि तरी ते बंद करताना ढुंगणाने धक्का द्यावा लागायचा.

दुसऱ्या वेळी असं केलं. कुठलाही भाग काढण्याआधी तीन फोटो: लांबून, जवळून, आणि बोट दाखवून. शक्य असेल तिथे बोल्ट काढून भाग सुटला की तो बोल्ट त्याच भोकात पुन्हा दोन आटे फिरवून ठेवला. जमलं नाही तिथे पिशवी, आणि पिशवीत कागदाची चिठ्ठी. बाहेरून लिहिलेलं तेलाच्या हाताने पुसलं जातं, आतली चिठ्ठी टिकते. वहीत तारीख, काय काढलं, कुठल्या मापाचा पाना लागला, वायसर कुठल्या क्रमाने होते, काय तुटलं. मायनरची वही दोनशे पानांची झाली आणि तिच्यातलं अक्षर अर्धवट ग्रीसने माखलेलं आहे, पण दारं पहिल्या दिवशी बसली.

दोन गोष्टी आणखी. तुटका, सडलेला भाग फेकू नका; नवा बनवायचा तर नमुना तोच. आणि एका वेळी एकच अंग उघडा. पुढचे ब्रेक उघडले की ते पूर्ण होऊन परत बसेपर्यंत मागच्यांना हात नाही. याला वेळ जास्त लागतो असं वाटतं. लागत नाही.

नट-बोल्ट हलतच नाहीत. काय करावं?

घाई करू नये. गंजावर मुरणारं तेल एकदा फवारून उपयोग नाही. आठवडाभर रोज फवारा, आणि प्रत्येक वेळी बोल्टच्या डोक्यावर हातोडीने चार-सहा नेमके ठोके द्या म्हणजे तेल आट्यांत उतरतं. बारा कोनांच्या सॉकेटपेक्षा सहा कोनांचं वापरा, डोकं गोल होत नाही. सोडवण्याआधी किंचित *आवळून* बघा. गंजाची पकड बऱ्याचदा त्यानेच सुटते. तरी नाही तर उष्णता: नट तापवला की फुगतो, बोल्टवरची पकड सैल होते. मात्र आजूबाजूला पेट्रोलची नळी, ब्रेकची नळी, रबर काय आहे ते आधी बघा. डोकं पूर्ण झिजलं असेल तर त्यावर मोठा नट वेल्ड करून फिरवा. वेल्डिंगची उष्णता आणि पान्याला नवी पकड, एका दगडात दोन पक्षी.

आणि पाना नीट बसत नसेल तर ठोकून बसवू नका. जुन्या ब्रिटिश गाड्यांत व्हिटवर्थ, बीएसएफ, यूएनएफ अशी तीन-तीन मापं एकाच गाडीत सापडतात. मेट्रिक पाना "जवळपास" बसतो आणि तेच डोकं खातो. काही गाड्यांत डाव्या बाजूच्या चाकांचे नट डाव्या आट्याचे असतात. माझ्या एका मित्राने अशा नटवर सहा फुटी पाइप लावून अर्धा तास तो आवळला.

इंजिन जाम आहे. संपलं का सगळं?

बहुतेक वेळा नाही. प्लगच्या भोकांतून किंवा उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हमधून ओल आत जाते, पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीला गंजाने चिकटतात. प्लग काढा, प्रत्येक भोकातून ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल आणि ॲसिटोन निम्मं-निम्मं मिसळून ओता आणि वाट बघा. दिवस नाही, आठवडे. ॲसिटोन उडून जातो म्हणून अधूनमधून भर घाला. तो भयंकर ज्वालाग्राही आहे, हेही विसरू नका. मग क्रँकच्या पुलीच्या बोल्टला लांब दांड्याचा पाना लावून हळू पुढे, हळू मागे. केसभर हललं की जिंकलात, पण लगेच जोर लावू नका. तेल पुन्हा, आणि परत पुढे-मागे.

गाडी गिअरमध्ये टाकून दुसऱ्या गाडीने ओढणं हा उपाय सर्रास सांगितला जातो. त्याने कनेक्टिंग रॉड वाकतो, रिंगा तुटतात.

इंजिन मोकळं फिरू लागलं की कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरात तयार होणारा दाब, मोजा. सिलिंडरांचे आकडे एकमेकांच्या १० टक्क्यांच्या आत असतील तर उघडायची घाई नको. एखादा खाली असेल तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून परत मोजा: आकडा वाढला तर दोष रिंगांचा, नाही वाढला तर व्हॉल्व्हचा किंवा गॅस्केटचा. दोन मिनिटांची चाचणी, पण हेड (इंजिनाचं वरचं झाकण) उघडायचं की पूर्ण इंजिन हे ती सांगते.

टाकीला भोक आहे. वेल्ड करून घेऊ?

नको. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक असते, कारण आत वाफ आणि हवा दोन्ही असतात. पाण्याने धुतली, वर्षभर उघडी ठेवली तरी सांध्यांत आणि गंजाच्या पापुद्र्यांत पेट्रोल दडून राहतं. नवी टाकी मिळत असेल तर नवी घ्या, नाहीतर टाक्यांचंच काम करणाऱ्याकडे द्या.

गंज काढायचा चांगला मार्ग कुठला?

भागावर अवलंबून आहे. मोठ्या सपाट पत्र्यावर वाळूचा जोराचा मारा केला तर पत्रा ताणला जाऊन लाटा घेतो, मग तो सरळ होत नाही; तिथे तारेचा ब्रश, घासण्याच्या चकत्या आणि धीर. जाड चॅसीला वाळूचा मारा चालतो.

लहान भागांसाठी मला इलेक्ट्रोलिसिस सर्वांत आवडतं, कारण काम तुम्ही झोपलेले असताना होतं. प्लॅस्टिकचं टब, पाण्यात धुण्याचा सोडा, आणि बॅटरी चार्जर. गंजका भाग चार्जरच्या *ऋण* टोकाला, साध्या लोखंडाचा निरुपयोगी तुकडा धन टोकाला, आणि दोघांचा एकमेकांना स्पर्श नाही. उलटं जोडलंत तर भागच विरघळत जाईल. सकाळी पाण्यावर तपकिरी फेस आणि भाग काळसर झालेला असतो. ब्रशने धुतला की खालचं मूळ लोखंड दिसतं, कारखान्याचे साच्यातले आकडेसुद्धा. मायनरच्या हँडब्रेकच्या दांडीवर असे आकडे उमटून आले तेव्हा मी घरातल्या प्रत्येकाला बोलावून दाखवले. कुणालाही फारसं काही वाटलं नाही.

धन टोकाला स्टेनलेस स्टील अजिबात लावू नका. त्यातून पाण्यात क्रोमियमचं विषारी रूप उतरतं. टबातून हायड्रोजन निघतो, तेव्हा जागा मोकळ्या हवेची हवी आणि चिमटे काढण्याआधी चार्जर बंद. ॲल्युमिनियम यात टाकायचं नाही. स्प्रिंगा आणि कडक पोलादाचे बोल्टही नाही, हायड्रोजनने ते ठिसूळ होतात.

गंज निघाला की त्याच दिवशी प्रायमर. उघडं लोखंड एका दमट रात्रीत पुन्हा लालसर होतं. आणि दोन पत्र्यांच्या सांध्यात शिरलेला गंज सोडू नका: गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, त्यामुळे तो आतून पत्रे फाकवतो आणि वेल्डसुद्धा उचकटतो.

कुजलेला पत्रा कापून नवा लावायचा आहे. स्वतः करू शकतो का?

भंगार पत्र्यावर शंभर जोड मारून झाले की हो. बॉडीचा पत्रा साधारण ०.८ ते १ मिलिमीटरचा असतो. मिग वेल्डिंगला ०.६ ची तार घ्या आणि सलग शिवण मारू नका. एक टाका इथे, दुसरा वीतभर दूर, तिसरा मध्ये. सलग मारलं की उष्णतेने पत्रा पापडासारखा वाकतो. गंजक्या पत्र्यावर वरून ठिगळ लावणं म्हणजे काम पुढे ढकलणं, आणि पुढे ते दुप्पट होतं. चांगलं लोखंड लागेपर्यंत कापत जा.

मोनोकॉकची सिल कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडव्या-तिरप्या सळ्या वेल्ड करून घ्या. दोन्ही सिल एकदम कापू नका. हे न केल्यास गाडी तुमच्या डोळ्यांदेखत मध्यात बसेल, नवी सिल त्याच वाकड्या आकारात पक्की होईल, आणि दारं कधीच लागणार नाहीत.

काही ब्रेक क्लीनरमध्ये क्लोरीनचे द्रावक असतात. त्याने पुसलेल्या जागी वेल्ड केलं तर फॉस्जीन वायू तयार होतो. तो पहिल्या महायुद्धात माणसं मारायला वापरला गेला होता. जस्ताचा मुलामा घासून काढल्याशिवाय वेल्ड करू नका, त्या धुराने ताप भरतो. जुन्या बॉडीत शिशाने भरलेले सांधे असू शकतात, जुन्या रंगातही शिसं असतं. ते कोरडं घासू नये. काम संपल्यावर तासभर गाडीपाशी थांबा. आतल्या नमद्यात धुमसणारी ठिणगी वेळाने पेट घेते.

लांबी वापरणं म्हणजे फसवणूक का?

नाही हो. चांगल्या पत्र्यावर एपॉक्सी प्रायमर, त्यावर तीन मिलिमीटरच्या आत लांबी, हे सगळेच करतात. भोकात वर्तमानपत्र कोंबून वर लांबी थापणं ही फसवणूक. मायनरच्या मागच्या मडगार्डमधून मी असाच एक गोळा काढला. कागद इतका भिजला होता की तारीख वाचता आली नाही, याची चुटपुट अजून आहे.

ब्रेकमध्ये काय काय बदलावं?

जे जे रबरी आहे ते सगळं. दिसायला चांगलं असलं तरी. मी मायनरची पुढची एक होज (ब्रेकची रबरी नळी) "बरी दिसते" म्हणून ठेवली. बाहेरून गुळगुळीत, चीर नाही, काही नाही. पहिल्याच फेरीत डाव्या चाकातून जळका वास. ती होज आतून फुगून बंद होत आली होती: पायाच्या दाबाने तेल आत जायचं, पण पाय काढला की परत यायचं नाही, आणि शू ड्रमला चिकटून राहायचे. होज कापून पाहिली तर मध्ये सुई जाईल एवढंच भोक उरलं होतं.

जुन्या गाड्यांत ब्रेकची एकच वाहिनी असते. एका चाकाची गळती म्हणजे चारही चाकांचे ब्रेक गेले. म्हणून धातूच्या नळ्याही नव्या टाका, व्हील सिलिंडर नवे किंवा नव्या रबरी वॉशरांसह, आणि मास्टर सिलिंडर तर नक्कीच. मायनरचा मास्टर सिलिंडर चालकाच्या पायाखाली, चॅसीच्या पोकळीत दडवलेला आहे आणि त्याच्या बोल्टांच्या वाटेत टॉर्शन बार (स्प्रिंगचं काम करणारी पिळाची सळई) आडवा येतो. अलेक इसिगोनिस यांनी ही गाडी अतिशय हुशारीने बेतली, पण त्या दुपारी मी त्यांच्याबद्दल जे बोललो ते इथे लिहीत नाही.

ड्रम उघडल्यावर आतली धूळ फुंकू नका, हवेचा झोतही मारू नका. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये आणि क्लच प्लेटमध्ये ॲसबेस्टॉस असायचं. पाण्याने भिजवून पुसा, फडकं पिशवीत बांधा.

ब्रेक ऑइलच्या नावांचा घोळ: डॉट ३, ४ आणि ५.१ एकाच कुळातले, ग्लायकॉलचे, हवेतली ओल शोषणारे. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं, ते यांच्यात मिसळायचं नाही. नावात ५ आणि ५.१ एवढाच फरक ठेवणाऱ्याला काय म्हणावं! ग्लायकॉलवालं तेल रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, रंग सोलून काढतं.

वायरिंग जुनीच ठेवावी का?

कापडी वेष्टणाची वायर वाकवल्यावर भुगा पडत असेल तर पूर्ण नवी घाला. तुकड्या-तुकड्याने जोडलेली वायरिंग हे गाडी जळण्याचं नेहमीचं कारण.

बॅटरी जोडण्याआधी दोन गोष्टी तपासा. गाडी ६ व्होल्टची आहे की १२? आणि अर्थिंग कुठल्या टोकाला आहे? मायनरसारख्या पुष्कळ जुन्या ब्रिटिश गाड्यांत *धन* टोक बॉडीला जोडलेलं असतं. सवयीने ऋण टोक जोडलं आणि गाडीत कुणी इलेक्ट्रॉनिक काही बसवलेलं असलं तर ते क्षणात जातं. पहिल्यांदा बॅटरी जोडताना तिच्या तारेत मालिकेत हेडलाइटचा एक बल्ब घाला. सगळी बटणं बंद असताना बल्ब लख्ख पेटला तर कुठेतरी शॉर्ट आहे. धूर निघण्याऐवजी बल्ब पेटला, एवढ्यावर भागलं.

शिसं नसलेलं पेट्रोल जुन्या इंजिनाला चालतं का?

चालवावंच लागतं. शिसंवालं पेट्रोल १९२० च्या दशकात आलं आणि रस्त्यावरच्या गाड्यांसाठी ते विकणारा शेवटचा देश, अल्जीरिया, २०२१ मध्ये थांबला. शिशाचा थर व्हॉल्व्ह आणि त्याची बैठक यांच्यामध्ये उशीसारखा राहायचा. तो नसल्यावर साध्या बिडाच्या बैठकी झिजत जातात, व्हॉल्व्ह आत आत बसतो आणि टॅपेटचं (व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागाचं) अंतर कमी होत जातं. पण हे प्रामुख्याने सतत वेगाने, ओझ्याने चालवल्यावर. रविवारी चार फेऱ्या मारणाऱ्याने टॅपेटचं अंतर तपासत राहावं, आणि हेड कधी उघडावं लागलं तर तेव्हा कडक बैठकी बसवून घ्याव्यात. खास त्यासाठी हेड उघडू नये.

मला इथेनॉलची काळजी जास्त वाटते. ते पाणी ओढून घेतं आणि जुन्या रबरी नळ्या मऊ करतं. सगळ्या पेट्रोल-नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घाला.

पहिल्यांदा चालू करताना काय काळजी घ्यावी?

नवं तेल, नवं फिल्टर, रेडिएटरमध्ये पाणी. प्लग काढून स्टार्टरने इंजिन फिरवा, ऑइलचा दाब दिसेपर्यंत. मग प्लग लावा. पेट्रोल गाडीच्या टाकीतून नाही, बाजूला टांगलेल्या छोट्या डब्यातून. हाताशी अग्निशामक आणि जवळ एक माणूस, ज्याला फक्त किल्ली बंद करण्याचं काम माहीत आहे. कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) नवा असेल तर इंजिन मंद धडधडत ठेवू नका. मिनिटाला २००० फेऱ्यांच्या आसपास वीसेक मिनिटं चालवा, मंद गतीत कॅमला तेल पुरेसं पोचत नाही.

आधी धूर होणारच. सायलेन्सरमधून उंदराचं घरटंही बाहेर पडेल.

रंग कधी?

सगळ्यात शेवटी, आणि शक्य तर दुसऱ्याकडून. दोन घटक मिसळून मारायच्या रंगांत आयसोसायनेट असतात. त्यांना साधा मास्क पुरत नाही, बाहेरची हवा पुरवणारा लागतो. एकदा त्यांची ॲलर्जी बसली की कायमची.

मूळ रंग शोधायचा तर दाराच्या आतल्या पॅनेलमागे किंवा डॅशबोर्डखाली बघा. आणि पेंटरला गाडीची माहिती द्या. माझ्या पेंटरने मायनरच्या बॉनेटवरची मधली उंच पट्टी बघून विचारलं, "ही सपाट करू का?" ती डेंट नाही. गाडी अरुंद दिसते म्हणून इसिगोनिस यांनी नमुन्याची गाडी उभी कापली, दोन भाग सरकवून बघितले, आणि मध्ये चार इंच वाढवले. त्या पट्टीने ते चार इंच अजून दिसतात.

सगळं नव्यासारखं चकाचक करायलाच हवं का?

माझं मत, नाही. २०१५ मध्ये पॅरिसमध्ये बायों संग्रहाचा लिलाव झाला, पश्चिम फ्रान्समधल्या शेडांत दशकानुदशकं पडून असलेल्या गाड्यांचा. त्या धुळीसकट मांडल्या होत्या आणि धुळीसकट विकल्या गेल्या. १९२५ ची एक बुगाटी स्विस-इटालियन सीमेवरच्या माज्जोरे सरोवराच्या तळातून २००९ मध्ये वर काढली. ती विकत घेणाऱ्या संग्रहालयाने तिला हातही न लावता तशीच मांडली.

आपली गाडी बुगाटी नाही, कबूल. तरी जो रंग फिका आहे पण धरून आहे, जी सीट दबली आहे पण फाटलेली नाही, तिला का काढायचं? गाडीला हजार वेळा नवं करता येतं, जुनं एकदाच. जुन्या वाहनांची जागतिक संघटना फिवा आपल्या व्याख्येत ३० वर्षांचं वय मागते, त्याबरोबर मूळ स्वरूपाला धरून जपणूकही मागते. ब्रेक, स्टिअरिंग, टायर यांत मात्र जुनेपणाचं कौतुक नको. टायरवरचा चार आकडी तारीखकोड वाचा (पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष); नक्षी कितीही खोल असली तरी दहा वर्षांवरचं रबर बदला. कोड तीन आकडी असेल तर टायर २००० च्या आधीचा, म्हणजे विचारायलाच नको.

सीटबेल्ट, इलेक्ट्रॉनिक इग्निशन असं नवं काही बसवलं तर?

बसवा. फक्त भोकं न पाडता, आणि काढलेलं जुनं पिशवीत, चिठ्ठीसकट.

एकूण किती दिवस लागतात?

तुम्ही आता मनात धरलेत त्याच्या तिप्पट.

सगळं जोडून झालं आणि डब्यात चार बोल्ट उरलेत. चालवू का?

आधी वही. बोल्टची लांबी आणि आटे मोजा, त्या मापाचा पाना कुठे कुठे लागला ती पानं चाळा, आणि मग फोटो. स्टिअरिंग, ब्रेक, चाकं आणि सीट यांतला एकही बोल्ट उरलेल्यांत नाही याची खात्री झाल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर नेऊ नका. माझ्याकडे मायनरचे तीन उरले होते. दोघांचा पत्ता लागला: एक बॅटरीच्या कंसाचा, एक मागच्या बंपरचा. तिसरा, साधारण बोटाच्या पेराएवढा, खिडकीत वाटीत ठेवलाय. वहीत त्याची नोंद नाही.